साठ हजारांतलं एडिटिंग मशीन : सेलूच्या दुकानातल्या नोंदी

२७ जानेवारी २०२५, सोमवार

रात्री साडेअकराला रेंडर (एडिट केलेल्या तुकड्यांची एक अखंड फिल्म बनवणं) लावून घरी गेलो. सकाळी शटर उघडलं तर मशीन लॉगिनच्या पडद्यावर. पहाटे कधीतरी लाइट जाऊन आली होती. इन्व्हर्टर असूनही मशीन बंद पडून परत चालू झालं. चाळीस मिनिटांची लग्नाची फिल्म पहिल्यापासून.

मशीन २०१४ चं आहे. चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. त्यावर मी फ्लेक्स करतो, पत्रिका करतो आणि लगीनसराईत एडियस या सॉफ्टवेअरवर व्हिडिओ एडिट करतो. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबरला बंद होणार, आणि विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे या वर्षी काहीतरी करायचंच होतं.

भिशीचा नंबर लागलाय. साठ हजार. त्यात मॉनिटरसकट सगळं बसवायचं. वर एक रुपया मागायचा नाही असं घरी कबूल करून आलोय.

२९ जानेवारी

विकत घ्यायच्या आधी मोजमाप. दोन दिवस टेबलावर वही ठेवली. मी कुठं हात चोळत बसतो ते मोबाइलच्या घड्याळावर लिहायचं, एवढंच.

कॅमेऱ्याचं १२८ जीबीचं भरलेलं कार्ड कॉम्प्युटरवर उतरवायला एक तास दोन मिनिटं लागली. दहा बाय आठ फुटांचा बॅनर उघडायला साडेतीन मिनिटं, सेव्ह करायला पाच. एडियसमध्ये ४के क्लिप पुढं-मागं ओढताना चित्र अडकतं, आवाज पुढं निघून जातो. रेंडर दोन तास दहा मिनिटं.

टास्क मॅनेजर उघडून बसलो तेव्हा कळलं की बहुतेक वेळा हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर असते आणि प्रोसेसर निवांत. कार्डाची गोष्ट तर हसू यावं अशी निघाली. कार्ड सेकंदाला ९० एमबी देऊ शकतं, पण माझा रीडर यूएसबी २ चा. त्यातून ३५ एमबीच्या वर काही येत नाही. १२८ जीबीला ३५ ने भागलं की तो एक तास बरोबर निघतो. आठशे रुपयांचा रीडर बदलला तर तेच काम चोवीस-पंचवीस मिनिटांत होईल. चार वर्षं प्रत्येक लग्नानंतर मी हा तास चहाच्या टपरीवर घालवलाय. टपरीवाल्याचं नुकसान होणार.

२ फेब्रुवारी

प्रोसेसर. यावर सगळ्यात जास्त डोकं घातलं.

ज्याला विचारावं तो म्हणतो, एडिटिंग म्हणलं की ग्राफिक्स कार्ड पाहिजेच. भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, त्याचंही तेच. पण तो गेम खेळणारा. माझं काम काय आहे? कॅमेऱ्यातून येतं ते एच.२६४, आता काहींचं एच.२६५. ही फाइल म्हणजे दाबून बांधलेली गठडी. टाइमलाइनवर एक फ्रेम दाखवायची तर आधी मागच्या-पुढच्या फ्रेम सोडवाव्या लागतात. ते सोडवायला इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला वेगळा भाग दिलेला असतो, क्विक सिंक. एडियस त्याच्यावरच जास्त भिस्त ठेवतं, सोडवायलाही आणि रेंडर करतानाही.

इथंच एक खड्डा आहे. आय-५ १२४०० आणि आय-५ १२४००एफ. दोन्हीत सहा कोर (एकाच वेळी काम करणारे भाग), बारा थ्रेड. एफवाला दोन-तीन हजारांनी स्वस्त, कारण त्यात ग्राफिक्स बंद. म्हणजे क्विक सिंकही नाही, आणि कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही. दुकानदार कोटेशनमध्ये हमखास एफ टाकतात. गेमवाल्याला चालतं. माझ्यासाठी ती बचत म्हणजे बैल विकून कासरा घेणं.

रायझन ५६००जी पण पाहिला. सहा कोर आणि ग्राफिक्स आतच, किंमतही बरी. फोटोशॉपपुरतं मशीन असतं तर तोच घेतला असता. एडियससाठी नाही.

ठरलं : १२४००, एफ नाही. कार्ड आत्ता नाही. लागलंच तर पुढच्या भिशीला.

५ फेब्रुवारी

रॅमचा हिशोब फ्लेक्सवरून केला. दहा बाय आठ फूट म्हणजे १२० बाय ९६ इंच. ७२ रिझोल्यूशनला (इंचाला ७२ पिक्सेल) ८६४० बाय ६९१२ पिक्सेल, सुमारे सहा कोटी. सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाया) एका पिक्सेलला चार बाइट. एक पूर्ण लेअर २४० एमबीची. आपल्याकडच्या बॅनरवर मागं ढग, त्यावर किल्ला, त्यावर महाराजांचा फोटो, खाली शुभेच्छुकांचे चोवीस चेहरे, प्रत्येकाला वेगळी सावली. ८ जीबीचा जीव तिथंच जातो आणि उरलेलं ओझं हार्ड डिस्कवर येतं.

१६ च्या दोन पट्ट्या, ३२ जीबी. एकच ३२ ची नाही. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं. दोन पट्ट्या लावल्या की दोन वाटा मिळतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मराठवाडा एक्सप्रेसने संभाजीनगर. संध्याकाळी त्याच गाडीने परत, मांडीवर मॉनिटर. जालन्याला एक आजोबा चढले. "टीव्ही का?" म्हणले. हो म्हणालो. परतूर येईपर्यंत क्रिकेटवर बोलणं झालं.

दुकानात जे होणार वाटलं होतं तेच झालं. कोटेशनमध्ये १२४००एफ, खाली ४ जीबीचं जुनं कार्ड, आणि पैसे बसवायला ५०० वॅटचा बिननावाचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सर, ग्राफिक्स कार्डाशिवाय एडिटिंग होतच नाही." मी म्हणालो, दादा, क्विक सिंक? तो आत जाऊन शेठला घेऊन आला. शेठ जाणकार निघाले. त्यांनी मुकाट्याने एफ खोडलं आणि म्हणाले, "असं आधीच सांगायचं ना."

बिल लिहून ठेवतो, घरी दाखवायचंय. प्रोसेसर १३,२००. बी७६० चा डीडीआर४ मदरबोर्ड ९,४००. एच६१० तीन हजारांनी स्वस्त होता, पण त्यात एनव्हीएमईची (वेगवान एसएसडीची) एकच जागा आणि पॉवरच्या भागावर हीटसिंक नाही, आणि इथला उन्हाळा मला माहीत आहे. रॅम ५,३००. एक टीबीची एनव्हीएमई ६,१००. लग्नांच्या साठवणीला चार टीबीची साधी हार्ड डिस्क ९,३००. ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस ३,९००. समोर जाळी असलेला कॅबिनेट ३,२००. आयपीएस मॉनिटर, चोवीस इंची, ८,७००. कार्ड रीडर ८५०. एकूण ५९,९५०. उरलेल्या पन्नासात स्टेशनवर वडापाव आणि चहा.

एनव्हीएमईबद्दल : हजार रुपयांनी स्वस्त एक होती, क्यूएलसी चिपची. पहिले काही जीबी झपाट्याने घेते. आतली तात्पुरती जागा भरली की हार्ड डिस्कसारखी चालते. माझ्याकडे एका वेळी दोनशे जीबी उतरतात, ४के चा तास १०० मेगाबिटला ४५ जीबी खातो. म्हणून टीएलसी चिपची घेतली.

काचेचा, रंगीत दिव्यांचा कॅबिनेट भाच्याने सुचवला होता. दुकानाच्या मागच्या अंगाला कापसाचं जिनिंग आहे. फेब्रुवारीत हवेत रुई तरंगते. जाळी आणि मागं धुता येईल असा फिल्टर, एवढंच पाहिलं.

११ फेब्रुवारी

जोडणी. बोर्ड, रॅम, एनव्हीएमई तासाभरात. कूलर बसवताना घाम फुटला. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार ढकलायच्या खिळ्या असतात. समोरासमोरच्या दोन आधी, मग उरलेल्या दोन. बोर्ड वाकतो तेव्हा काळीज हलतं.

चालू झालं. पडद्यावर चित्र पहिल्याच झटक्यात. पण कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या. मुंग्या चावल्यासारख्या. मीटर लावला : पत्रा आणि नळाची लोखंडी पाइप यांच्यात १०८ व्होल्ट.

आधी एसएमपीएस खराब वाटला. नव्हता. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यात फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. गळणारा करंट अर्थिंगने जमिनीत जावा अशी योजना. अर्थिंगच नसलं तर पत्रा २३० च्या निम्म्यावर लटकत राहतो. करंट अगदी थोडा असतो, माणूस मरत नाही. पण कॅमेरा किंवा दुसऱ्या मशीनची केबल लावताना तो त्या वाटेने निघायला बघतो. जुन्या मशीनचे पुढचे दोन यूएसबी कशाने गेले, ते अकरा वर्षांनी कळलं.

प्लगची वरची पिन उघडून पाहिली. तार होती. ती बोर्डापर्यंत येऊन तिथं गुंडाळून, टेप मारून ठेवलेली. पुढं काहीच नाही. दुकान भाड्याचं, गाळा वीस वर्षांचा.

मशीन बंद केलं. प्लग काढून ठेवला.

१२ फेब्रुवारी

वायरमन मामा आले. मागच्या बोळात खड्डा, साडेसहा फूट. काळी माती, खाली मुरूम. जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं. "इतके दिस असंच चालवायलास?" मामांनी विचारलं. मी काय बोलणार. सगळं मिळून २,२००. भिशीच्या बाहेरचे.

संध्याकाळी न्यूट्रल आणि अर्थमध्ये २ व्होल्ट. पत्र्याला हात लावला, काही नाही. परत लावला. बायको बघत होती.

१५ फेब्रुवारी

पहिलं रेंडर लावलं आणि प्रोसेसर १०० अंशांवर. कूलरची एक खिळी वरच्या वर राहिली होती, माझीच चूक. बोर्ड काढून मागून बघितलं तेव्हा दिसली. नीट बसवल्यावर ७८.

फॉन्टचा गोंधळ अजून मिटला नाही. जुन्या फाइल बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये आहेत. फॉन्ट नसला की 'हार्दिक शुभेच्छा'च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. फॉन्ट जुन्या मशीनवरून उचलून टाकले, ते लागले. पण टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं यूएसबी कुलूप विंडोज ११ ओळखत नाही. जुना ड्रायव्हर सुरक्षेच्या नावाखाली अडवला जातोय. तात्पुरतं जुनं मशीन बाजूला टायपिंगपुरतं ठेवलंय. अकरा वर्षं राबलेल्या बैलाला दावणीला बांधून ठेवतात तसं.

१८ फेब्रुवारी

उद्या शिवजयंती. एकतीस बॅनर. नोंद नाही.

२२ फेब्रुवारी

पुन्हा मोजलं. तेच कार्ड, तोच बॅनर, तीच फिल्म. कार्ड उतरवायला पंचवीस मिनिटं. बॅनर उघडायला नऊ सेकंद. रेंडर बावीस मिनिटं. ४के क्लिप ओढली की चित्र हाताबरोबर येतं. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र वाटलं तेवढा फरक नाही. बरीच कामं तो एकाच कोरवर रेटतो, बाकीचे पाच बघत बसतात.

५ मार्च

लाइट गेली तर नवं मशीनही बंद पडतं. इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे, बॅटरी चांगली आहे. मग?

मागं एक बटण सापडलं, ते 'वाइड'वर होतं. या मोडमध्ये लाइटवरून बॅटरीवर यायला इन्व्हर्टर वेळ घेतो. पंखा-ट्यूबला कळत नाही. एसएमपीएस आतल्या कपॅसिटरवर सेकंदाचा साठावा भाग तग धरतो, त्याच्या पुढं नाही. बटण 'यूपीएस'वर केलं, मेन स्विच पाडला, मशीन हललंही नाही. जानेवारीतलं रेंडर एका बटणाने गेलं होतं.

पण संध्याकाळी दुसरी कटकट. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर १८० व्होल्टच्या खालची लाइट घेत नाही, सरळ बॅटरीवर जातो. शेताकडच्या मोटारी चालू झाल्या की आमच्याकडे १७० होतात. तासाभरात बॅटरी शिट्टी मारायला लागली.

दोन मार्ग : इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर, नाहीतर मशीनला वेगळा यूपीएस. १ केव्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घेतला, ४,६००. पडलेलं व्होल्टेज तो बॅटरी न वापरता उचलून देतो. त्याची बॅटरीवरची लाट पायऱ्यापायऱ्यांची असते, आणि चांगले एसएमपीएस अशा लाटेवर कधी कधी रुसतात. माझं मशीन कार्ड नसल्यामुळं भर रेंडरमध्येही शंभर-सव्वाशे वॅटच ओढतं. दहा वेळा प्लग उपटला, दहाही वेळा टिकलं. मोठं कार्ड असतं तर एवढ्याशा यूपीएसवर ही खात्री देता आली नसती.

साठ हजारांचे सहासष्ट हजार आठशे झाले. घरी अजून सांगितलं नाही.

२३ मार्च

परभणीचे एक फोटोग्राफर भाऊ क्लिप घेऊन आले. त्यांनी सोनी ए सेव्हन फोर घेतलाय. एच.२६५, १० बिट, ४:२:२, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणारी क्लिप. त्यांच्या मशीनमध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० कार्ड आहे, माझ्या अख्ख्या मशीनच्या निम्म्या किमतीचं, आणि ही क्लिप त्यावर आचके देते. माझ्याकडे सरळ चालली. कारण साधं आहे. ४:२:२ चं एच.२६५ सोडवायची सोय इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या आतल्या ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हिडियाने ती यंदा आलेल्या ५० मालिकेत दिली, त्याआधीच्या कार्डांत नाही. भाऊंचा प्रोसेसर कुठला विचारलं. एफ.

कार्ड फुकट गेलं असं मात्र म्हणवत नाही. त्याच दुपारी त्यांनी माझ्याकडे दाविंची रिझॉल्व्ह हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर टाकून रंगांचं काम केलं, त्यातल्याच फ्यूजन विभागातलं नावाचं टायटल लावलं, आणि मशीनने मान टाकली. ग्राफिक्सची मेमरी संपली. रिझॉल्व्ह सगळा भार ग्राफिक्सवर टाकतं. ते शिकायचं मनात आहे, कारण त्याची फुकट आवृत्तीही ४के पर्यंत एक्सपोर्ट देते. मग आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं, ७० वॅटचं, वेगळी पॉवर केबल न लागणारं कार्ड बघावं लागेल. तेव्हा बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) आतलं ग्राफिक्स चालू ठेवायला विसरायचं नाही. कार्ड लावलं की बरेच बोर्ड ते आपोआप बंद करतात, आणि क्विक सिंकही जातं.

१३ एप्रिल

उद्या भीमजयंती. निळ्याचे बॅनर.

नव्या मॉनिटरवर निळा इतका सुंदर दिसतो की पहिला बॅनर तसाच छापायला दिला. जांभळा आला. चूक मशीनची नाही, प्रेसचीही नाही. पडद्यावरचा तो निळा शाईत नसतोच. सायन या निळ्या शाईच्या १०० बरोबर मॅजेंटा म्हणजे गुलाबी शाईचा आकडाही १०० जवळ गेला की जांभळाच होणार. मॅजेंटा ६० वर आणला, निळा झाला. बॅनर पदरमोड करून परत छापला. चुकीचा निळा त्या दिवशी कुणाच्या चौकात लावणं मला जमलं नसतं.

आता प्रेसवाल्याकडून दोन फुटांची पट्टी छापून आणलीय : निळ्याचे सहा प्रकार, भगव्याचे सहा, प्रत्येकाखाली आकडे. मॉनिटरशेजारी खिळ्याला टांगली. गिऱ्हाइकाला पडदा दाखवतच नाही, पट्टीवर बोट ठेवायला सांगतो. मॉनिटर तपासायचं यंत्र मला परवडत नाही. पट्टी दीडशे रुपयांत झाली.

२० एप्रिल

बाहेर ४२, दुकानात ३८. रेंडरला प्रोसेसर ९१ वर जायला लागला. हा कागदावर ६५ वॅटचा, पण मोकळा सोडला तर ११७ पर्यंत ओढतो. बायॉसमध्ये ६५ ला बांधून टाकला. तापमान ७६, रेंडर बावीसचं चोवीस मिनिटं. दोन मिनिटांसाठी कोण नवा कूलर घेतो.

फिल्टर धुतला. पहिल्या पाण्याला रुईची वातच निघाली.

२७ एप्रिल, रविवार

अक्षय्य तृतीयेच्या आत द्यायच्या तीनही फिल्म गेल्या. एकाने उरलेले पैसेही दिले, ही वेगळी नोंद.

दुपारी हार्ड डिस्क लावताना पत्र्याला हात लागला आणि किंचित, अगदी किंचित, मुंग्या. मीटर लावला : न्यूट्रल आणि अर्थमध्ये १९ व्होल्ट. बोळात जाऊन पाहिलं. काळ्या मातीला बोटभर भेगा, पाइपाभोवती पोकळी. मामांनी सांगितलं होतं : उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या. मी मार्चपासून विसरलो होतो.

हौदातून बादली भरून निघालो. बायको दारात उभी. टँकर चार दिवसांनी येतो, पाण्याचा थेंब थेंब तिला मोजून माहीत.

"कुठं निघालात पाणी घेऊन?"

"कॉम्प्युटरला घालायला."

तिने दुसरी बादली दिली, धुण्याच्या पाण्याची. "ही घाला. ती आत ठेवा."